झिप फाईलचा जनक : फिल कॅट्झ (1962–2000)



ऑनलाइन माहितीच्या, नमुन्यांच्या, प्रश्नपत्रिकांच्या झिप फाईल आपल्याकडे सारख्या येत असतात. आपण फाईल उघडतो, आतलं काढून घेतो आणि विसरून जातो. पण ही झिप ज्याने बनवली, त्या माणसाची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. ती फक्त यशाची गोष्ट नाही, म्हणून जास्तच.

जन्म व शिक्षण

फिलिप वॉल्टर कॅट्झ यांचा जन्म 3 नोव्हेंबर 1962 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. मिलवॉकीच्या विद्यापीठातून 1984 मध्ये त्यांनी कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली. स्वभावाने अबोल, माणसांत फारसे न मिसळणारे. नोकरी करायची आणि घरी आल्यावर आपल्या आवडीचे प्रोग्रॅम लिहायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळी इंटरनेट घरोघरी नव्हतं. लोक मोडेमने टेलिफोनवरून एकमेकांना फाईल पाठवत. फाईल जेवढी मोठी, तेवढं फोनचं बिल जास्त. त्यामुळे फाईल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला फार मागणी होती. तेव्हा 'आर्क' नावाचा प्रोग्रॅम सगळीकडे चाले. तो 'सिस्टीम एन्हान्समेंट असोसिएट्स' या छोट्या घरगुती कंपनीचा होता, आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, लोकांना पाहायला मिळत होता.

नक्कल आणि खटला

कॅट्झ यांनी आर्कपेक्षा कितीतरी वेगाने चालणारा 'पीकेआर्क' बनवला. 1986 मध्ये 'पीकेवेअर' ही कंपनी सुरू केली. काम घरूनच चाले आणि आई हिल्डेगार्ड यांची त्यात मोठी साथ होती. लोक भराभर नव्या प्रोग्रॅमकडे वळले.

1988 मध्ये आर्कच्या कंपनीने कोर्टात दावा लावला. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी ठेवून एका तज्ज्ञाने तपासले. कोडमधल्या टिपा जागोजागी सारख्याच निघाल्या. इतकंच नाही, तर त्यातल्या स्पेलिंगच्या चुकाही सारख्या! दोन वह्यांत एकच चूक दिसली की आपल्याला वर्गात जे कळतं, तेच इथेही कळलं. शेवटी समझोता झाला. कॅट्झ यांना पैसे भरावे लागले आणि आर्कशी जुळणारे प्रोग्रॅम विकणं थांबवावं लागलं.

गंमत म्हणजे सामान्य वापरणाऱ्यांची सहानुभूती कॅट्झ यांनाच मिळाली. मुलांना इथे जरूर विचारा : काम जास्त चांगलं केलं म्हणून उचललेल्या भागाचं श्रेय न देणं चालेल का?

झिपचा जन्म

आता कॅट्झ यांनी स्वतःचा नवा फॉरमॅट तयार केला. 1989 मध्ये 'पीकेझिप' बाहेर आला. झिप म्हणजे झपाट्याने जाणं. त्यांनी सगळ्यात मोठी गोष्ट केली ती अशी : फाईलची रचना लिहून सर्वांसाठी खुली केली. कोणीही झिप बनवणारा किंवा उघडणारा प्रोग्रॅम लिहावा, परवानगी मागायला नको.

1993 च्या पीकेझिप 2 मध्ये 'डिफ्लेट' ही पद्धत आली. तिच्यात दोन जुन्या युक्त्या एकत्र आहेत. पहिली लेम्पेल आणि झिव या संशोधकांची : मजकुरात तेच शब्द परत आले तर पुन्हा लिहायचे नाहीत, 'एवढी अक्षरं मागे जा आणि एवढी उचल' अशी खूण ठेवायची. दुसरी डेव्हिड हफमन यांची : जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा संकेत, क्वचित येतं त्याला लांब.

सोर्स कोड वाटताना आजही प्रश्न पडतो, झिप द्यावी की 'टार-जीझिप'? झिपमध्ये प्रत्येक फाईल वेगळी दाबलेली असते आणि शेवटी यादी असते, म्हणून हवी ती एकच काढता येते. विंडोजवर ती वेगळं काही न घालता उघडते. टार आधी सगळ्या फाईलींचं एक गाठोडं बांधतं, मग ते दाबलं जातं. सारखा मजकूर असेल तर ते बहुधा लहान होतं, आणि युनिक्स-लिनक्सवरच्या फाईलींच्या परवानग्याही नीट टिकतात. म्हणून लिनक्सवाले टार निवडतात. पण गंमत बघा, जीझिपच्या पोटातही कॅट्झ यांचं डिफ्लेटच आहे! रचना खुली ठेवली नसती तर हे झालं नसतं.

अखेर

पैसा आला, नाव झालं, पण कॅट्झ एकटे पडत गेले. दारूचं व्यसन जडलं. आईशीही दुरावा आला. 14 एप्रिल 2000 रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. वय अवघं 37. मोठ्या मुलांना हा भाग सांगताना लपवू नका, पण निंदाही करू नका. हुशार मुलाला मार्कांइतकीच बोलायला माणसं लागतात, हे आपण पालक-शिक्षकांनी यातून घ्यायचं.

करून पाहा

एखाद्या डॉकएक्स फाईलची कॉपी करा, नावाचा शेवट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत अनेक छोट्या फाईल दिसतील, कारण वर्डची ही फाईल म्हणजे झिपच असते. मोबाईल ॲपची एपीके फाईलही तशीच. आणि कोणतीही साधी झिप फाईल नोटपॅडमध्ये उघडलीत, तर बाकी सगळा गिचमिडा दिसेल, पण अगदी सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं स्पष्ट वाचता येतील : पी आणि के. फिल कॅट्झ.

मुलांना ती दोन अक्षरं स्वतः शोधू द्या.