तलाव बांधणाऱ्या पाटलाचा लोकांनी देव केला : नवेगावबांधच्या कोलू पाटलांची गोष्ट

नागपूरहून भंडारा, साकोली करत रायपूरकडे जाणारा महामार्ग धरला, की साकोलीच्या पुढे कोहमारा फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की धानाची शेतं आणि मग जंगल सुरू होतं. पुढे डोंगरांच्या कुशीत एक मोठं पाणी दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते निसर्गाने केलेलं सरोवरच वाटतं.

पण तो तलाव माणसाने बांधलाय, तोही सुमारे तीनशे वर्षांपूर्वी. बांधणाऱ्याचं नाव कोलू पाटील कोहळी.

आज नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात आहे. मात्र 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग भंडाऱ्यातच होता. इंग्रजांच्या काळात भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या, भंडारा, तिरोडा आणि साकोली. त्यातल्या साकोली तहसिलीचं वैभव म्हणजे तिचे तलाव, आणि त्या तलावांतला सगळ्यात नावाजलेला तलाव नवेगावचा.

कोहळी नेमके कोण?

कोलू पाटील समजून घ्यायचे तर आधी त्यांचा समाज समजून घ्यावा लागतो.

कोहळी हा पूर्व विदर्भातला शेतकरी समाज. धान आणि ऊस पिकवणारा, आणि त्यासाठी तलाव बांधणारा. त्यांच्याबद्दल एक कथा सांगितली जाते. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला होता. तिथली पाण्यावरची कामं पाहून तो खूश झाला आणि तशी कामं करणारी माणसं त्याने सोबत आणली. तेच कोहळ्यांचे पूर्वज.

कथा किती खरी ते बाजूला ठेवू. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना पाठबळ दिलं, हे मात्र या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. हिशोब साधा होता. जंगल साफ करा, गाव वसवा आणि तलाव बांधा. तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल, तिच्यावर तुम्हाला हक्क किंवा सूट मिळेल.

हे सुचायला कारणही होतं. या भागात पाऊस भरपूर, वर्षाला साधारण 1300 मिलीमीटर. पण तो येतो चार महिन्यांत. ऐन धान पोटरीला आलं असताना पंधरा दिवस दडी मारली तर हातचं पीक जातं. म्हणून पडलेला पाऊस अडवून ठेवणं हाच जगण्याचा मार्ग होता.

कोहळ्यांकडे नकाशे नव्हते की जमिनीची उंची मोजायची यंत्रं नव्हती. पावसात पाणी कुठून कुठे वाहतं, कुठे रेंगाळतं, हे बघून ते जागा ठरवत. पुढे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांच्या या नजरेचं कौतुक करून ठेवलंय.

सात बहिणींच्या मधलं पाणी

कोलू पाटील याच समाजातले. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. नागपूरकर भोसल्यांचं राज्य यायला अजून अवकाश होता, मुलूख गोंड राजांचा होता.

नवेगावच्या भोवती टेकड्यांची रांग आहे. लोक तिला सात बहिणी म्हणतात. पावसाळ्यात या टेकड्यांवरचं पाणी खाली यायचं आणि मधल्या खिंडींतून निघून जायचं. कोलू पाटलांनी हेरलं ते इथेच. सगळीकडे भिंत बांधायची गरज नाही. टेकड्या ही आयतीच भिंत आहे, फक्त खिंडी बंद करायच्या.

मग टेकडी ते टेकडी मातीचे बांध घातले गेले. गावाच्या नावापुढे जो बांध लागला, तो हाच. मागे पाणी साठत गेलं आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला. इंग्रजांच्या जुन्या नोंदींमध्ये त्याचा घेर 17 मैल दिलाय, म्हणजे सत्तावीस किलोमीटरच्या आसपास. तलावात एक बेटही आहे, त्याला मालडोंगरी म्हणतात.

मातीचा बांध घालणं हे निम्मंच काम. खरी परीक्षा तो टिकवण्याची. अतिवृष्टीत पाणी बांधावरून वाहिलं की माती वाहून जाते आणि एका रात्रीत तलाव फुटतो. म्हणून इकडच्या तलावांची रचना ठरलेली असते. बांधाला म्हणतात पार. जादा पाणी निघून जायला एका कडेला ठेवलेली वाट म्हणजे सलंग. आणि शेताला पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. या तिघांपैकी एकाकडे दुर्लक्ष झालं तरी तलाव धोक्यात येतो.

माणसाचा देव कसा झाला?

कोलू पाटील गेल्यावर लोकांनी त्यांचा देव केला. कोलासूर देव या नावाने ते पुजले जाऊ लागले आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्यांचं ठाणं झालं. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटियरमध्येही ही नोंद आहे.

आपल्याकडे लढाईत पडलेल्या वीराचा किंवा साधुपुरुषाचा देव होतो. इथे मान मिळाला तो पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्याला.

याचा एक व्यवहारी अर्थही काढता येतो. तलाव एकाचा नसतो. वरच्या शेतकऱ्याला पाणी हवं असतं, खालच्यालाही हवं असतं. ढिवरांना मासे हवे असतात, गुरांना पाणी हवं असतं. कुणीतरी पारेवरचं झाड तोडायला बघतो, कुणी आपल्या पाळीआधीच तुडूम उघडायला बघतो. तेव्हा ना वनरक्षक होते ना जलपोलीस. ज्या पाण्यावर देवाची नजर आहे, तिथे आगळीक करताना माणूस दोनदा विचार करतो. गावची पंचायत, पाटलाचा शब्द आणि टेकडीवरचा देव, एवढ्यावर राखण चालायची.

पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतलं जाई, त्याला गाळपेर म्हणतात. गाळ निघाला की शेताला खत मिळे आणि तलावाची खोलीही राही. ढिवर डोंग्यातून मासे धरत.

मालक गेले, जबाबदारी वाटली गेली

पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव होते. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. 1951 साली मालगुजारी संपली तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नवं नाव पडलं, माजी मालगुजारी तलाव. लोकांनी ते आणखी छोटं केलं, मामा तलाव.

मालगुजारी जाणं गरजेचंच होतं, कारण त्यात रयतेची पिळवणूकही होती. पण एक गोष्ट निसटली. आधी तलाव फुटला तर कुणाला धरायचं ते गावाला माहीत होतं. आता लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे आणि भोवतालचं जंगल वनविभागाकडे गेलं. प्रत्येकाने आपापला तुकडा सांभाळला, पण अख्खा तलाव बघणारं कुणी उरलं नाही. कितीतरी मामा तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी व्यापले, काहींवर अतिक्रमणं झाली.

देवाच्या जागी गणवेश

नवेगावचं नशीब थोडं बरं निघालं. तलावाभोवतीचं जंगल शाबूत होतं आणि त्यात वाघ, बिबटे, अस्वलं होती. गावातले माधवराव पाटील डोंगरवार यांना इथल्या पाखरांची आणि जनावरांची जाण होती. इथे वनाधिकारी म्हणून आलेल्या मारुती चितमपल्लींनी त्यांच्याकडून खूप काही घेतलं आणि नवेगावबांधचं जंगल मराठी वाचकांपर्यंत पोचवलं. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. साकोलीच्या उत्तरेचं नागझिरा 1970 सालीच अभयारण्य झालं होतं. 2013 साली दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला.

आज इथे राखण करतात ते वनरक्षक, वनमजूर आणि विशेष व्याघ्र संरक्षण दल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वनाधिकाऱ्यांना झडती घ्यायचे, माल जप्त करायचे आणि आरोपीला अटक करायचे अधिकार दिलेत.

उन्हाळ्यात त्यांचं निम्मं लक्ष पाणवठ्यांवर असतं. सगळं जंगल तहानलेलं असताना जनावर पाण्यावर येणार, हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं. पाण्यात विष कालवणं, वाटेवर तारेचा फास लावणं, वीजतारेचा प्रवाह सोडणं हे प्रकार तिथेच होतात. म्हणून पायी गस्त घालायची, पाणी तपासायचं, फास काढायचे.

हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्ट कादंबही त्यात असतात. तेव्हा जाळी लावणाऱ्यांवर नजर ठेवावी लागते. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारायला तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. तरी तो मोह सुटत नाही, आणि अशा पाण्याने मासेच नाही तर पाखरं आणि गुरंही मरतात.

सारसाचं काय?

कोलू पाटलांच्या कामाचा सगळ्यात नाजूक वारसदार एक पक्षी आहे, सारस. महाराष्ट्रात तो उरलाय तो मुख्यतः गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर भागात, तोही मोजकाच. त्याला तलाव लागतो आणि तलावाखालची धानाची बांधीही लागते. बऱ्याचदा तो घरटं शेतातच करतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली.

शेतातल्या घरट्यापाशी चोवीस तास वनरक्षक उभा करता येत नाही. तिथे राखण शेतकऱ्यालाच करावी लागते, आणि इथले काही शेतकरी ती करतातही. धान कापताना घरट्याभोवतीचा तुकडा सोडून देणं, अंड्यांपासून कुत्री हाकलणं, कीटकनाशक बेताने मारणं, एवढ्यानेही पिल्लं वाचतात.

कायदा, गणवेश आणि गस्त लागतेच. त्याशिवाय शिकारी थांबत नाही. पण नवेगावचा तलाव तीनशे वर्षं टिकला तो भोवतालच्या माणसांनी त्याला आपला मानलं म्हणून. मामा तलावांमध्ये आज गाळ काढण्याइतकीच या आपलेपणाचीही दुरुस्ती बाकी आहे.