जोडीच्या तारांमधले विज्ञान

उस्ताद अब्दुल करीम खाँ १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मले, पण ते कायमचे मिरजेचे झाले. आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझर यंत्राची परिभाषा समजून घ्यायची, तर त्यांच्या तंबोऱ्याइतके सोपे उदाहरण नाही.

सिंथेसायझरमध्ये मूळ कंपन निर्माण करणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात. तंबोऱ्यात ते काम तार करते. तार छेडताच आवाज उठतो आणि हळूहळू विरतो. या चढउताराच्या आकाराला एन्व्हलप म्हणतात. जवारीचा दोरा किंचित सरकवला की स्वर तोच राहतो, पण त्यातील उपस्वरांचे प्रमाण बदलते. यंत्रात हे फिल्टर करतो. गळ्यातही हीच रचना आहे: स्वरतंतू हा ऑसिलेटर, तर घसा आणि तोंडाची पोकळी हा फिल्टर.

मॉड्युलेशन म्हणजे एका कंपनाने दुसऱ्यात घडवलेला बदल. त्याच्यासारखाच परिणाम जोडीच्या तारांत ऐकू येतो. एक तार सेकंदाला १३० वेळा आणि दुसरी १३२ वेळा कंप पावत असेल, तर आवाज सेकंदातून दोनदा लहानमोठा होतो. ही लाट थांबली की तारा जुळल्या. स्वराच्या अचूकतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या खाँसाहेबांची साधना अशाच सूक्ष्म फरकांची होती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. कागदावरचे आकडे कानाला पटवायचे, तर ते स्वर हुकमी लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. अनेक गवई शास्त्राच्या मोजपट्टीपासून दूर राहत, त्या काळात त्यांनी आपली विद्या तपासणीसाठी खुली केली. या मांडणीवर पुढे वाद झाले. पण गाणे मोजूनही पाहता येते, ही वाट आपल्याकडे मोकळी झाली. तंबोऱ्याच्या घोडीचा भौतिक अभ्यास पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही केला.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या प्रवासात प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर उतरले. तंबोरा जुळवायला सांगून ते दरबारीत प्रार्थना गायले आणि तिथेच त्यांचे प्राण गेले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेतही आधी जुळतात त्या तंबोऱ्याच्या तारा.