गाडी लागणाऱ्यांचे उपकारकर्ते : डॅनियल बोव्हे

घाटाची वळणे सुरू झाली, की एस.टी.तील एखादा प्रवासी निमूटपणे खिडकीशी सरकतो आणि रुमाल तोंडाला लावतो. आपण याला गाडी लागणे म्हणतो. आगबोटीने कोकणात जाणाऱ्या पिढीला बोट लागत असे. त्यावर निघण्यापूर्वी घ्यावयाची ‘अ‍ॅव्होमिन’सारखी गोळी आज अनेक घरांत ठाऊक आहे. ही गोळी ज्या कुळातील आहे, त्या अँटिहिस्टामाइन औषधांचा पाया घालणारे नोबेलविजेते डॅनियल बोव्हे यांचे नाव मात्र तिच्याशी सहसा जोडले जात नाही.

बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ रोजी स्वित्झर्लंडमधील फ्लरिए या गावी झाला. वडील पिएर बोव्हे हे शिक्षणशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. डॅनियल यांनी जिनिव्हा विद्यापीठातून १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये अर्नेस्ट फूर्नो यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले. पुढील अठरा वर्षे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

तेथील पहिले मोठे यश प्रतिजंतू औषधाचे होते. जर्मनीतील ‘प्रोन्टोसिल’ हे लाल रंगद्रव्य उंदरांना जंतुसंसर्गातून वाचवत असे. परीक्षानळीत मात्र ते जंतूंपुढे निष्प्रभ ठरे. ट्रेफुएल दांपत्य, फेदेरिको नित्ती आणि बोव्हे यांनी १९३५ मध्ये हे कोडे सोडवले. शरीरात या रंगद्रव्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड हा रंगहीन घटक मोकळा होतो आणि खरा गुण त्याचाच असतो, असे त्यांनी दाखवून दिले. हा पदार्थ १९०८ पासूनच माहीत असल्याने त्यावर कोणाची पेटंटची मालकी उरली नव्हती. सल्फा औषधे स्वस्त झाली, याचे एक कारण हेच.

त्यानंतर बोव्हे हिस्टामाइनकडे वळले. शरीरातच तयार होणारा हा पदार्थ प्रमाणाबाहेर सुटला, की अंगावर पित्त उठते, नाक वाहते, श्वासनलिका आवळते. अ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन या शरीरातील इतर रसायनांना अडवणारी द्रव्ये ठाऊक होती. मग हिस्टामाइनलाच विरोधक का नसावा, असा त्यांचा साधा, पण नेमका तर्क होता. अ‍ॅन-मारी स्टॉब या तरुण संशोधिकेसह त्यांनी फूर्नो यांच्या प्रयोगशाळेतील संयुगे गिनीपिगवर तपासण्यास प्रारंभ केला. १९३७ मध्ये ‘९२९ एफ’ हे संयुग हाती लागले. हिस्टामाइनच्या प्राणघातक मात्रेपासून त्याने गिनीपिगना वाचवले. पण माणसाला देण्याच्या दृष्टीने ते फार विषारी होते. औषध म्हणून ते अपयशीच म्हणावे लागेल. तरीही हिस्टामाइनला अडवता येते, हे त्याने सिद्ध केले आणि पुढचा मार्ग खुला झाला. माणसांवर वापरता येणारे ‘अँटर्गन’ १९४२ मध्ये बर्नार्ड हालपर्न यांनी पुढे आणले. दोन वर्षांनी बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक सुरक्षित असे मेपिरामिन दिले.

गंमत अशी, की यांपैकी कोणीही प्रवासातील मळमळीवर औषध शोधत नव्हते. तो शोध लागला अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, १९४७ मध्ये. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवतीला डायमेनहायड्रिनेट हे नवे अँटिहिस्टामाइन देण्यात आले. ट्रामने येताना नेहमी होणारी मळमळ या औषधाने थांबते, हे तिच्या लक्षात आले. तिचे म्हणणे डॉक्टरांनी हसण्यावारी नेले नाही, हे विशेष. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या लष्करी जहाजावर सैनिकांना हे औषध देऊन चाचणी घेण्यात आली आणि समुद्राने बेजार होणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे घटली. ‘अ‍ॅव्होमिन’मधील प्रोमेथाझिन हे द्रव्य मात्र फ्रान्समधील रोन-पूलेंक कंपनीचे.

अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे मेंदूला परस्परविरोधी निरोप देऊ लागले, की मळमळ सुरू होते. हे निरोप उलटीच्या केंद्राकडे पोचवण्यात हिस्टामाइन आणि अ‍ॅसिटिलकोलिन यांचा हात असतो. जुनी अँटिहिस्टामाइन औषधे मेंदूत शिरून ही वाट अडवतात आणि त्याच कारणाने झोपही आणतात. म्हणूनच वाहनचालकाने ही गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसू नये. सेट्रिझिनसारखी नवी औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत. त्यामुळे गुंगी कमी येते, पण गाडी लागण्यावर त्यांचा उपयोगही होत नाही. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ती अर्धा-एक तास आधी घेतलेली बरी.

बोव्हे यांनी १९३८ मध्ये फिलोमेना नित्ती यांच्याशी विवाह केला. त्या सहकारी फेदेरिको यांच्या भगिनी आणि मुसोलिनीच्या राजवटीमुळे परागंदा झालेले इटलीचे माजी पंतप्रधान फ्रांचेस्को नित्ती यांच्या कन्या. स्वतः संशोधक असलेल्या फिलोमेना यांचे नाव बोव्हे यांच्या अनेक शोधनिबंधांवर आढळते. १९४७ मध्ये हे दांपत्य रोमच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि बोव्हे इटलीचे नागरिक झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवर त्यांनी तेथे मोलाचे काम केले. सक्सिनिलकोलिन भूलतज्ज्ञांच्या हाती आले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९५७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल बोव्हे यांना एकट्यांनाच मिळाले. शरीरातील द्रव्यांचे कार्य रोखणाऱ्या संयुगांच्या शोधांसाठी तो गौरव होता. स्टॉब आणि फिलोमेना यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. बोव्हे यांची योग्यता वादातीत आहे. पण पहिल्या संयुगाच्या कामात स्टॉब बरोबरीने राबल्या होत्या, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. स्टॉब यांनी पुढे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच प्रतिकारशक्तीच्या रसायनशास्त्रात स्वतंत्र नाव कमावले.

उत्तरायुष्यात बोव्हे मेंदूच्या अभ्यासात रमले. प्रोमेथाझिनच्याच रासायनिक कुळातून १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन जन्मले आणि त्याने मनोविकारांच्या उपचाराची दिशा बदलली होती. बोव्हे यांनी १९६४ पासून सार्डिनियातील सासारी विद्यापीठात अध्यापन केले. १९७१ मध्ये ते रोम विद्यापीठात मनोजीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. उंदीर कसे शिकतात आणि औषधांनी त्यांच्या स्मरणशक्तीत काय बदल होतो, हे ते तपासत राहिले. ८ एप्रिल १९९२ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले.