अदब आणि सवाल : हकीम मूसा इब्न मैमून

परमेश्वराविषयी बोलताना अदब कशाला म्हणावे आणि बेअदबी कशाला, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावान समाजापुढे उभा राहिलेला आहे. यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथांत त्याची दोन्ही टोके आढळतात. परमेश्वराचे खास नाव यहुदी लोक आदरापोटी तोंडाने उच्चारीतही नाहीत. परंतु त्याच ग्रंथांत हजरत इब्राहीम (अ.स.) लूतच्या वस्तीसाठी परमेश्वरापाशी रदबदली करतात आणि पन्नास नेक माणसांची अट दहापर्यंत खाली आणतात. या दोन टोकांचा मेळ घालण्यासाठी ज्यांनी आपली विद्वत्ता पणाला लावली, ते हकीम मूसा इब्न मैमून. युरोपात त्यांना मायमोनिडीस या नावाने ओळखतात.

त्यांचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कुर्तुबा शहरी झाला. थोर तत्त्वज्ञ इब्न रुश्द हेही त्याच शहराचे सुपुत्र. ११४८ मध्ये तेथे मुवह्हिदांची सत्ता आली आणि यहुदी व ख्रिस्ती प्रजेपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. मैमून कुटुंबाची भटकंती सुरू झाली. मोरोक्कोतील फास, पॅलेस्टाइनमधील अक्का असे मुक्काम करीत ते अखेर इजिप्तमध्ये काहिराजवळच्या फुस्तात येथे स्थिरावले. ज्या छोट्या मूसाला जन्मगाव सोडावे लागले, त्याने अरबी भाषा व विद्या मात्र सोडली नाही. अल-फाराबी यांच्या ग्रंथांविषयी त्यांना आयुष्यभर आदर वाटत राहिला.

घरचा खर्च धाकटा भाऊ दाऊद जवाहिराच्या व्यापारावर चालवी आणि मूसा अभ्यासात मग्न असत. हा दाऊद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडून मरण पावला. घरचे आणि इतरांचेही धन त्याच्याबरोबर गेले; मागे विधवा पत्नी आणि लहान मुलगी राहिली. मूसा सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. पुढे त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय पत्करला. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे वजीर काजी अल-फादिल यांनी त्यांना आश्रय दिला, आणि सुलतानांचे पुत्र अल-अफदल यांचेही ते हकीम झाले. रोज सकाळी दरबारात जावे, दुपारनंतर उपाशीपोटी घरी परतावे, तो अंगण रोग्यांनी भरलेले. त्यांना थोडे थांबण्याची विनंती करून दोन घास खावेत आणि मग रात्रीपर्यंत नाड्या पाहाव्यात, असा त्यांचा दिनक्रम होता.

अशा धकाधकीत ११९० च्या सुमारास ‘दलालतुल हाइरीन’ हा त्यांचा ग्रंथ पुरा झाला. भाषा अरबी, लिपी हिब्रू. यूसुफ नावाचा त्यांचा एक शिष्य शिक्षण अर्धवट राहून दूर गेला होता. त्याच्या मनातील शंकांसाठी हा ग्रंथ रचला गेला. धर्मग्रंथांत परमेश्वराचा हात, डोळे, सिंहासन असे उल्लेख येतात. त्यांचा शब्दशः अर्थ घेऊन परमेश्वराला देहधारी मानणे हीच मोठी बेअदबी, असे मूसा यांनी शब्दागणिक समजावून दिले. स्तुतीबाबतही त्यांचे मत असेच कडक होते. एका माणसाने प्रार्थनेत विशेषणांची रास रचली, तेव्हा गुरूने त्याला थांबविले, ही जुनी यहुदी कथा ते सांगतात. अपार सोन्याच्या धन्याची चांदीवरून वाखाणणी करावी, तसा तो प्रकार होता.

मग अय्यूब यांचे काय? कुरआन शरीफमध्ये हजरत अय्यूब (अ.स.) सब्रचा आदर्श आहेत. हिब्रू ग्रंथातील अय्यूब आरंभी सब्र करतात. परंतु पुढे संपत्ती, संतती, प्रकृती सारे गमावल्यावर थेट परमेश्वराकडे जाब मागतात. पाप केल्याशिवाय शिक्षा नाही, असे मित्र त्यांना बजावतात. शेवटी परमेश्वर रागावतो तो या मित्रांवर! मूसा यांनी या ग्रंथाचा बारकाईने विचार केला. एका मित्राच्या बोलण्यात त्यांना मोतझिलांचे मत दिसले, दुसऱ्याच्या बोलण्यात अशअरींचे. अय्यूब यांच्याबद्दल ते म्हणतात की, त्यांचे आचरण शुद्ध होते, पण परमेश्वराविषयीचे ज्ञान ऐकीव होते. खरे ज्ञान झाल्यावर त्यांना उमगले की धन, संतती आणि आरोग्य हे जीवनाचे अंतिम साध्य नव्हे. सख्खा भाऊ समुद्राने गिळलेला पाहिलेल्या माणसाने हे लिहिले आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे मोल कळते.

१२०४ मध्ये मूसा यांचे निधन झाले. त्यानंतर तीसएक वर्षांतच दक्षिण फ्रान्समधील काही यहुदी धर्मपंडितांनी त्यांच्या ग्रंथाच्या वाचनावर बंदी घातली. परमेश्वराचा अदब शिकविणाराच बेअदब ठरला! ग्रंथ मात्र टिकला आणि आजही अभ्यासला जातो.

पालकहो, आपले मूल अल्लाहविषयी एखादा अवघड प्रश्न विचारते, तेव्हा तोबा तोबा म्हणून त्याला गप्प करणे फार सोपे असते. परंतु गप्प झालेली शंका मिटत नाही, ती मनात घर करते. आणि विद्यार्थी मित्रहो, सवाल जरूर विचारा. मात्र उत्तरासाठी अभ्यासाचे कष्ट घेण्याची तयारी ठेवा. एका शिष्याच्या शंकेला दिवसभर थकलेल्या हकिमाने अख्खा ग्रंथ लिहून उत्तर दिले. इल्मची कदर याहून वेगळी ती कोणती?