किडनीतली गाळणी शोधणारे मार्चेल्लो माल्पिगी

किडनीच्या रक्त तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘जीएफआर’ नावाचा एक आकडा असतो. किडनी दर मिनिटाला किती द्रव गाळते, याचा तो अंदाज. हे गाळण्याचं काम जिथे चालतं, ती जागा साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. त्यांचं नाव मार्चेल्लो माल्पिगी.

माल्पिगींचा जन्म १६२८ सालचा, बोलोन्याजवळच्या क्रेवालकोरे गावातला. त्याच वर्षी विल्यम हार्वे यांनी रक्त शरीरात फिरत राहतं, हे सांगणारं पुस्तक छापलं. पण धमन्यांमधलं रक्त शिरांमध्ये जातं कसं, हे हार्वेंना दाखवता आलं नव्हतं. १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहून माल्पिगींनी हे कोडं सोडवलं.

मग त्यांनी किडनी हाती घेतली. किडनी लघवी वेगळी करते हे माहीत होतं, पण नेमकी कुठे, हे कोणी दाखवलं नव्हतं. माल्पिगींनी किडनीच्या धमनीत काळा रंग सोडला. आत बारीक गोल गाठी काळ्या झालेल्या दिसल्या, रक्तवाहिन्यांना फळांसारख्या लगडलेल्या. १६६६ च्या पुस्तकात त्यांनी हे मांडलं.

लघवी याच गाठींमध्ये वेगळी होत असावी, असा त्यांचा तर्क होता. पण गाठींमधला रंग पुढे लघवीच्या नळ्यांमध्ये उतरलेला काही त्यांना दिसला नाही. हा दुवा आपल्याला सिद्ध करता आला नाही, हे त्यांनी लपवलं नाही.

तो दुवा कोणी शोधला?

१७६ वर्षांनी. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी दाखवलं की प्रत्येक गाठीभोवतीची पिशवी थेट नळीला जोडलेली असते. माल्पिगींचा तर्क बरोबर निघाला.

आज आपल्याला माहीत आहे की एका किडनीत अशा सुमारे १० लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. पण लघवी होते दीड-दोन लिटरच, कारण बाकीचं पाणी आणि उपयोगी क्षार नळ्या परत रक्तात घेतात. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं, नळ्या जास्त पाणी राखून ठेवतात आणि लघवी गडद होते. भरपूर पाणी प्यायलात की याच्या उलट.

माल्पिगींच्या वाट्याला काय आलं?

लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचं लेखन छापलं. बोलोन्यात मात्र प्राचीन वैद्य गॅलनला मानणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांना कायम विरोध केला. १६८४ मध्ये त्यांच्या घराला आग लागली. सूक्ष्मदर्शक फुटले, हस्तलिखितं जळाली. तरी काम थांबलं नाही. १६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्यांना आपले वैद्य म्हणून रोमला बोलावलं.

तिथेच १६९४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचं निधन झालं. शवविच्छेदन जॉर्जिओ बाग्लिवी यांनी केलं. माल्पिगींना मुतखड्याचा त्रास होता. त्यांची एक किडनी दुसरीपेक्षा बरीच लहान झालेली आढळली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या किडन्या उघडून पाहणाऱ्या माणसाच्या शरीराने जाताजाता तेवढी एक नोंद मागे ठेवली.