मायकेल बिग
मायकेल अँड्र्यू बिग (२२ डिसेंबर, इ.स. १९३९ - १८ ऑक्टोबर, इ.स. १९९०) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले कॅनेडियन सागरी जीवशास्त्रज्ञ होते. किलर व्हेल अर्थात ओर्का या प्राण्याच्या आधुनिक अभ्यासाचे ते प्रवर्तक मानले जातात. ओर्का हा डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. एकाच समुद्रात राहणारे ओर्का हा एकच जीवसमूह नसून त्यांचे परस्परांपासून वेगळे राहणारे अनेक लहान समूह असतात, हे बिग यांच्या संशोधनातून पुढे आले.

प्रारंभिक जीवन
बिग यांचा जन्म लंडन येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर आले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तेथे त्यांनी हार्बर सील या प्राण्याच्या प्रजननावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९७० मध्ये नानाइमो येथील पॅसिफिक बायोलॉजिकल स्टेशन या शासकीय संस्थेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

इ.स. १९७१ ची गणना
त्या काळी ओर्का हा सॅमन माशांचा फडशा पाडणारा उपद्रवी प्राणी समजला जाई आणि मच्छीमार त्याच्यावर गोळ्या झाडत. इ.स. १९६० च्या दशकात मत्स्यालयांसाठी जिवंत ओर्का पकडण्याचा व्यवसायही सुरू झाला. या किनाऱ्यावर हजारो ओर्का असल्याचा समज असल्याने पकडीवर फारसे निर्बंध नव्हते. प्रत्यक्ष संख्या ठरवण्यासाठी बिग यांनी दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार व नौकाचालक यांना सुमारे १५,००० प्रश्नपत्रके पाठवली. २६ जुलै, इ.स. १९७१ या एकाच दिवशी दिसलेल्या ओर्कांची नोंद करावी, असे त्यांत सुचवले होते. उत्तरांवरून काढलेला अंदाज अवघा २०० ते ३५० इतका होता.

छायाचित्रांवरून ओळख
प्रत्येक ओर्काच्या पाठीवरील पराचा आकार, त्यावरील खाचा व त्यामागचा खोगिरासारखा करडा पट्टा वेगळा असतो, हे बिग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. छायाचित्रांच्या आधारे त्यांनी एकेका प्राण्याला ओळख क्रमांक दिला. प्राण्याला न पकडता वर्षानुवर्षे त्याचा मागोवा घेणे त्यामुळे शक्य झाले. पुढे या कामाचा शासकीय निधी बंद झाल्यावर त्यांनी ते स्वतःच्या फावल्या वेळात चालू ठेवले.

निवासी व भटके समूह
छायाचित्रांवरून ओर्कांची वंशावळ तयार झाली. काही ओर्का आईच्या कळपात जन्मभर राहत. नर व मादी दोघेही तो कळप सोडून जात नसत. त्यांना निवासी हे नाव मिळाले. लहान टोळ्यांनी फिरणारे काही ओर्का मात्र त्यांच्यात कधीच मिसळत नसत. ते मूळ कळपातून हाकललेले असावेत, असा बिग यांचा सुरुवातीचा तर्क होता. अधिक निरीक्षणांनंतर तो त्यांनी सोडून दिला. निवासी ओर्का मासे खात, तर भटके ओर्का सील व अन्य सागरी सस्तन प्राण्यांची शिकार करत. निवासी ओर्कांमध्येही उत्तरी व दक्षिणी असे दोन वेगळे समुदाय आढळले.

या शोधाने पकडीचे परिणाम स्पष्ट झाले. पकडीमुळे दक्षिणी निवासी समुदायाने चाळीसहून अधिक प्राणी गमावले आणि इ.स. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यात सुमारे ७० ओर्का उरले. समुदाय परस्परांत मिसळत नसल्याने ही हानी दुसऱ्या समुदायाकडून भरून निघणे शक्य नव्हते.

जनुकीय पुरावे
बिग यांचे निष्कर्ष निरीक्षणांवर आधारलेले होते. जनुकीय चाचण्यांनी त्यांना पुढे दुजोरा दिला. तंतुकणिकांमधील म्हणजेच मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून पिलाकडे येतो. या डीएनएमध्ये भटके व निवासी ओर्का स्पष्टपणे वेगळे आढळले. उत्तरी व दक्षिणी निवासींमध्येही भेद दिसला. उत्तरी निवासी पिलांचे पिते सामान्यतः त्याच समुदायातील, परंतु अन्य कळपातील असतात, हेही सिद्ध झाले. त्यामुळे समुदाय लहान असूनही त्यांच्यात कळपांतर्गत प्रजनन बहुतांशी टळते. इ.स. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या दोन प्रकारांना स्वतंत्र जाती मानण्याचा प्रस्ताव मांडला.

निधन व वारसा
रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या ५० व्या वर्षी बिग यांचे निधन झाले. त्यांची रक्षा ओर्कांचा वावर असलेल्या जॉन्स्टन सामुद्रधुनीत विसर्जित करण्यात आली. तेथील रॉबसन बाइट राखीव क्षेत्राला त्यांचे नाव देण्यात आले असून भटक्या ओर्कांना आता बिग यांचे ओर्का असे संबोधले जाते. दक्षिणी निवासी समुदायाला कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांनी संकटग्रस्त म्हणून स्वतंत्र संरक्षण दिले आहे.