अब्राहम लिंकन यांचा बार बुडाला आणि पार्टनरची उधारीही त्यांनाच फेडावी लागली

चार मित्र जमले की एक विषय हमखास निघतो. नोकरी सोडायची आणि आपला एक बार टाकायचा. दारूचा धंदा कधी तोट्यात जात नाही, हे तर आपल्याकडे जवळपास सगळ्यांनाच पटलेलं असतं.

हाच हिशोब जवळपास 200 वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका खेड्यात दोन तरुणांनी केला होता. त्यातला एक पुढे अमेरिकेचा 16 वा राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याआधी त्याचा धंदा बुडाला, घोडा लिलावात गेला आणि मागे राहिलेलं कर्ज फेडण्यात वर्षानुवर्षं गेली.

गोष्ट आहे अब्राहम लिंकन यांची.

लिंकन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, केंटकीतल्या गरीब शेतकऱ्याच्या घरातला. 1831 मध्ये ते इलिनॉयमधल्या न्यू सालेम या गावात आले आणि डेंटन ऑफट यांच्या दुकानात कामाला लागले. वर्षभरातच ते दुकान बंद पडलं. मग ब्लॅक हॉक युद्धात स्वयंसेवक म्हणून गेले, परत येऊन आमदारकी लढवली आणि पडले. वय 23, हातात काम नाही. त्याच वेळी गावातलं एक किराणा दुकान विकायला निघालं होतं.

सोबतीला होते विल्यम बेरी. युद्धात लिंकन यांच्याच तुकडीत होते आणि वडील धर्मोपदेशक. म्हणजे बायोडेटा एकदम चोख. दोघांनी दुकानातला एकेक हिस्सा घेतला. लिंकन यांच्याकडे पैसे नव्हतेच, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी म्हणजे पुढे पैसे देईन असं लेखी वचन.

पुढे परिसरातल्या गुंड पोरांनी रूबेन रॅडफर्ड नावाच्या दुकानदाराच्या मालाची नासधूस केली. वैतागून त्याने दुकान काढून टाकलं. तो मालही फिरत फिरत बेरी आणि लिंकन यांच्याकडे आला, आणि त्यातलेही बरेचसे पैसे उधारीचेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, धंदा वाढतोय. खरं तर वाढत होत्या चिठ्ठ्या.

आता बारचा मुद्दा.

तेव्हा किराणा दुकानात दारू मिळणं नवल नव्हतं. पण नियम असा होता, की विना परवाना विकायची तर किमान एक क्वार्ट विकायची. क्वार्ट म्हणजे आपली क्वार्टर नव्हे, जवळपास एक लिटर. ग्राहकाने ती घेऊन घरी जायचं. दुकानात बसवून पेला भरून द्यायचा असेल तर टॅव्हर्नचा परवाना लागायचा. आपल्याकडे परमिट रूमला परवाना लागतो, तसंच काहीसं.

6 मार्च 1833 रोजी सँगमन काउंटीने हा परवाना दिला, बेरी आणि लिंकन या दोघांच्या नावाने. फी 7 डॉलर आणि 300 डॉलरचा जामीन बाँड. दरही सरकारनेच ठरवून दिले होते. अर्धा पिंट व्हिस्की साडेबारा सेंट, तेवढीच फ्रेंच ब्रँडी 25 सेंट. एका वेळचं जेवण 25 सेंट आणि रात्रभर मुक्काम साडेबारा सेंट. म्हणजे भाव वाढवून नफा काढायची सोय नव्हती. कमाई करायची तर गिऱ्हाईक जास्त हवं.

आणि गिऱ्हाईकच नव्हतं.

न्यू सालेम वसलं होतं सँगमन नदीच्या भरवशावर. आगबोटी येतील, माल येईल, गाव मोठं होईल, अशी सगळ्यांना आशा होती. 1832 मध्ये टॅलिस्मन नावाची एक आगबोट आलीही. पण नदीचं पाणी उतरलं आणि बोटीला कशीबशी परत काढावी लागली. पुढे नियमित वाहतूक सुरू झालीच नाही. 1840 पर्यंत तर गाव ओसाड पडलं. उद्या इथून हायवे जाणार म्हणून आज जागा घेणारे आपल्याकडेही सापडतात.

त्यात दोन्ही मालकांचं लक्ष भलतीकडे. लिंकन पुस्तकात डोकं घालून बसायचे किंवा गप्पा मारायचे. ते स्वतः दारूला शिवत नसत. बेरी मात्र दुकानातला माल स्वतःच संपवायचे, असं सांगितलं जातं. परवाना काढण्यात पुढाकार बेरी यांचाच होता असंही काही अभ्यासक मानतात. बाँडवर लिंकन यांचं नाव आहे, पण अक्षर त्यांचं नाही.

शेवटी दुकान ट्रेंट नावाच्या भावांना विकलं, तेही उधारीवर. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा हे भाऊ गाव सोडून गेलेले होते, असं लिंकन यांचे नंतरचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे.

जानेवारी 1835 मध्ये बेरी वारले. मागे काही ठेवलं नव्हतं. आणि भागीदारीचा नियम इथे आडवा आला. फर्मचं देणं म्हणजे प्रत्येक भागीदाराचं देणं. एकाने हात वर केले तर सावकार दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. आपल्या 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यातही हेच आहे. नुसत्या ओळखीवर बारमध्ये पार्टनर होणाऱ्यांना हे बहुतेक वेळा नोटीस आल्यावर कळतं.

एकूण देणं होतं 1,100 डॉलरच्या आसपास. लिंकन या आकड्याला गमतीने राष्ट्रीय कर्ज म्हणायचे.

बेरी जिवंत असतानाच रॅडफर्ड यांची चिठ्ठी कोर्टात गेली होती. तोवर लिंकन पोस्टमास्तरकी आणि जमीन मोजणीची कामं करून पोट भरत होते. कोर्टाच्या आदेशाने त्यांचा घोडा, खोगीर आणि मोजणीची अवजारं लिलावात निघाली. म्हणजे रोजीरोटीच गेली. जेम्स शॉर्ट या शेतकरी मित्राने 120 डॉलरची बोली लावून ते सगळं सोडवलं आणि लिंकन यांना परत देऊन टाकलं.

त्या काळी कर्ज झालं की गाव सोडून पश्चिमेला निघून जाणारे कमी नव्हते. लिंकन थांबले. 1834 मध्ये आमदार झाले, पण विधानसभेत घालायला बरे कपडे हवेत म्हणून पुन्हा 200 डॉलर उसने घ्यावे लागले. 1837 मध्ये स्प्रिंगफील्डला जाऊन वकिली सुरू केली. 1847 मध्ये काँग्रेसमध्ये पोचले, तेव्हाही जुन्या दुकानाचे हप्ते सुरूच होते.

त्या परवान्याने राजकारणातही पिच्छा सोडला नाही. 1858 मध्ये सिनेटच्या निवडणुकीत स्टीफन डग्लस यांनी भर सभेत त्यांना ग्रोसरीवाला म्हणून डिवचलं. तेव्हा ग्रोसरी या शब्दाचा अर्थ गुत्ता असाच घेतला जायचा. लिंकन यांनी उत्तरात आपण ग्रोसरी कधीच चालवली नाही असं सांगितलं, पण एका हिवाळ्यात दारूच्या भट्टीवर काम केल्याची आठवण स्वतःहून जोडली. ती निवडणूक ते हरले. दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

यादवी युद्धाचा खर्च भागवायला 1 जुलै 1862 रोजी त्यांनी एका कर कायद्यावर सही केली. त्यानुसार किरकोळ दारू विकणाऱ्या प्रत्येकाला केंद्र सरकारचा परवाना घेणं भाग पडलं. फी होती वर्षाला 20 डॉलर.